खेळाडूने बोलावे काय?

(दहिसर येथील सभेत दिलेले व्याख्यान)



सभा सुरू होण्यापूर्वी एका गृहस्थांनी मला बाजूस घेऊन सांगितले, "साहेब, माझा मुलगा कॉलेजच्या कबड्डी संघात आहे. संघातील एका मुलास उपनगरातील एका चौकीत रात्रभर बसवून मारहाण झाली. आता सारा संघ अर्जावर सह्या करावयास निघाला आहे. माझ्या मुलास खेळाडूंच्या राखीव जागेतून नोकरी मिळवावयाची आहे. त्याने गप्प बसलेले बरे नव्हे काय?"

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पगार आला नाही, त्यास पगाराची किंमत कोणी शिकवू नये. परंतु "खेळाडूने खेळावे, बोलू नये" हा उपदेश आपणांस नवा नाही.

बाळू पालवणकरांची हकीकत ऐका. चांभार समाजातील हा मनुष्य पुण्यास गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर राबला आणि साहेबांना चेंडू टाकता टाकता थोर गोलंदाज झाला. 1911 साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. पण पुण्यात त्याच्याच हिंदू संघातील सोबती त्यास चहा देत तो बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! त्याने टाकलेला चेंडू झेलताना मात्र कोणास विटाळ होत नसे. वर्षानुवर्षे सामने जिंकून देऊनही कर्णधारपद त्यास मिळाले नाही. 1920 साली तर त्यास संघातूनच वगळले. तेव्हा धाकटे बंधू शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन करून खेळण्यास नकार दिला. परिणाम काय झाला? बाळू उपकर्णधार म्हणून परतले, बंधूही परतले. आणि 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले व हिंदू संघ जिंकला. पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. त्यांचे राजकारण आपणांस मान्य नाही, नसावेही. पण त्या दोन भावांचा नकार आपण विसरू नये.

अमेरिकेतील काळ्या विद्यार्थ्यांनाही हाच प्रश्न पडला. 1968 साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या दोन कॉलेजच्या धावपटूंनी पदक घेताना मूठ उंचावली. त्यांस संघातून काढून मायदेशी धाडण्यात आले. उलट 2015 च्या नोव्हेंबरात मिसुरी विद्यापीठात वर्णद्वेषाविरुद्ध एक विद्यार्थी उपोषणास बसला असता, फुटबॉल संघातील तीसहून अधिक काळ्या खेळाडूंनी अध्यक्ष पायउतार होईपर्यंत खेळणार नाही असे जाहीर केले. त्यांचे प्रशिक्षक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. सामना रद्द झाला असता तर विद्यापीठास दहा लक्ष डॉलर भरावे लागले असते. दोन दिवसांत अध्यक्षांनी राजीनामा दिला. 2020 साली मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव घेतला, तेव्हाही कॉलेजचे खेळाडू मोर्च्यांत उतरले. दोघांस घरी धाडता आले. अख्खा संघ घरी धाडला तर मैदानात उतरणार कोण?

म्हणून त्या गृहस्थांना माझे सांगणे असे की मुलास एकट्याने बोलू देऊ नका, आणि संघ बोलत असता त्यास एकट्याने गप्पही बसवू नका. विलंबही करू नका. घाटकोपरच्या रमाबाई नगरात 11 जुलै 1997 रोजी राखीव पोलिसांच्या गोळीबारात आपली दहा माणसे गेली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली ती 2009 साली.

अर्ज लिहिताना शिव्याशाप नकोत, कायदा लिहा. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात 1996 साली सांगितले आहे की अटकेचा पंचनामा साक्षीदाराच्या सहीने व्हावा, नातलगास कळवावे, कोठडीतील माणसाची दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. त्या मुलाच्या घरी त्या रात्री कोणी कळविले होते काय? तारीख, वेळ, अंगावरील खुणा आणि डॉक्टरांचा दाखला हे सारे जोडा. पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठी 2014 च्या दुरुस्तीने राज्यात तक्रार प्राधिकरणाची तरतूद झाली आहे. एक प्रत तेथे जाऊ द्या, दुसरी प्राचार्यांकडे.

आणि सह्यांच्या खाली पालकांच्याही सह्या असाव्यात. तो मुलगा मागल्या रांगेत बसला आहे, त्याचे सोबतीही आले आहेत. सभा संपल्यावर त्यांनी थांबावे, वडिलांनीही थांबावे. मसुदा आपण येथेच बसून करू.