प्रवाशाचे गाऱ्हाणे आणि अॅपची घडण
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



शिक्षण, वसतिगृह, लग्नखर्च अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे अशा व्यासपीठांवरून होत असतात. त्यांच्या पंक्तीस प्रवाशांच्या मोबाईल अॅपचा विषय घेऊन बसणे काहींस चमत्कारिक वाटेल. परंतु कुलदैवताची यात्रा, परगावची नोकरी, आप्तांघरचे कार्य, लेकीच्या बाळंतपणासाठी धावणारी आई, या सर्वांत प्रवासावाचून आपल्यापैकी कोणाचे चालते? आणि आज तिकीट, वेळापत्रक, वाट आणि गाडीचा ठावठिकाणा, हे सारे हातातील फोनमध्ये येऊन बसले आहे. आपल्या ज्ञातीतील कितीतरी तरुण अशी अॅपे घडविण्याच्या व्यवसायात आहेत. आणि त्यांचेच वडील, आजोबा, आत्या ती वापरताना अडखळत आहेत. घडविणारा आणि अडखळणारा एकाच पंगतीस जेवतात, परंतु एकमेकांशी या गोष्टीविषयी बोलत नाहीत. त्यांनी बोलावे, एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, प्रवाशाचे गाऱ्हाणे म्हणजे घडविणाऱ्याचा अपमान नव्हे. ते त्याच्या कामाचे कच्चे द्रव्य होय. मात्र गाऱ्हाणे जसेच्या तसे अंमलात आणणे ही सुधारणा नव्हे. गाऱ्हाण्याच्या तळाशी जी अडचण असते ती शोधावी, तिच्यावर उपाय करावा, आणि त्या उपायाने नवी अडचण उत्पन्न झाली की काय, हे पुन्हा जाऊन पाहावे. हे चक्र अखंड चालणारे आहे.

ही दृष्टी मोबाईलबरोबर जन्मास आली असे कोणी समजू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेचा नकाशा हॅरी बेक या आरेखकाने १९३१ साली नव्या पद्धतीने काढला. खऱ्या अंतरांचा त्याग करून त्याने सर्व मार्ग उभ्या, आडव्या आणि तिरप्या सरळ रेषांनी दाखविले. भुयारातील प्रवाशास मैलांचा हिशेब नको असतो. पुढचे स्थानक कोणते आणि गाडी कोठे बदलावयाची, एवढेच त्यास हवे असते, हे त्याने ओळखले होते. प्रथम हा नकाशा नाकारण्यात आला. पुढे १९३३ च्या जानेवारीत तो छापला गेला, तेव्हा जुन्या नकाशाची ही नवी रचना आहे, तिच्याविषयी आपले अभिप्राय कळवावेत, अशी विनंती मुखपृष्ठावरच करण्यात आली होती. प्रवाशाच्या हाती वस्तू देतानाच त्याचे मत मागण्याची ही रीत आज नव्वद वर्षांहून अधिक जुनी आहे. बेक त्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ त्या नकाशात सुधारणा करीत राहिले.

याच नकाशाचा दुसरा प्रसंगही बोधप्रद आहे. २००९ च्या सप्टेंबरात नकाशा सुटसुटीत करावा म्हणून त्यातील थेम्स नदी आणि भाड्याचे विभाग काढून टाकण्यात आले. भुयारातून जाणाऱ्यास नदीचे काय काम, हा विचार वरवर पाहता अगदी तर्कशुद्ध होता. तथापि लोकांनी ओरड केली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नदी परत आली. नदीच्या अलीकडे की पलीकडे, यावर लंडनकर आपले शहर ओळखतो. प्रवासी ज्या खुणेचा आधार घेतो ती खूण त्यालाही नेमकी सांगता येत नाही. ती काढून घेतली म्हणजेच तिची किंमत कळते. अॅप सुटसुटीत करण्याच्या भरात हात चालविणाऱ्या तरुणांनी ही नदी ध्यानात ठेवावी.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे पत्ता सांगण्याची रीत काय? ‘मारुतीच्या देवळापासून डावीकडे वळा, पिठाची गिरणी लागेल, तिच्यासमोरची गल्ली.’ रस्त्याचे नाव सांगणाऱ्यास ठाऊक नसते आणि विचारणाऱ्यासही नको असते. गूगल कंपनीचे नकाशे भारतात प्रथम परदेशी वळणाने बोलत: अमुक रस्त्याने इतके मीटर जा, तमुक रस्त्यावर वळा. पुढे कंपनीच्या लोकांनी भारतातील शहरांत दुकानदारांस दूरध्वनी करून वाट विचारली, लोकांकडून ओळखीच्या वाटांची चित्रे काढवून घेतली आणि वाट शोधणाऱ्यांच्या मागे ते स्वतः हिंडले. त्यांतून त्यांस असे दिसले की, ठळक खुणा केवळ वळण दाखविण्याच्या कामी येत नाहीत. आपण योग्य वाटेवर आहोत असा धीर त्या देतात, आणि वाट चुकल्यास ती चूकही लक्षात आणून देतात. २००९ च्या डिसेंबरात त्यांच्या भारतीय नकाशांत खुणांच्या आधारे वाट सांगण्याची सोय झाली. पुढे २०१७ च्या डिसेंबरात दुचाकीस्वारांसाठी निराळा मार्ग दाखविण्याची सोयही प्रथम भारतातच आली. लोकांनी नकाशाची भाषा शिकावी असा हट्ट न धरता नकाशाने लोकांची भाषा शिकली, हे यातील सार होय.

परंतु या विषयाचा खरा पाठ मुंबईच्या लोकलने दिला आहे. अनारक्षित तिकिटांसाठी रेल्वेच्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘यूटीएस’ नावाचे अॅप तयार केले व ते २०१४ च्या डिसेंबरअखेर मुंबईत सुरू झाले. त्या वेळी तिकीट फोनवर काढले तरी स्थानकावरील यंत्रातून त्याची कागदी प्रत घ्यावी लागे. म्हणजे खिडकीपुढील रांग टळली, पण यंत्रापुढील रांग राहिली! २०१५ च्या जुलैत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर कागदाविना तिकीट सुरू झाले, आणि ही अडचण दूर होऊ लागली.

मात्र कागद गेला तसा एक नवाच प्रश्न उभा राहिला. तिकीट फोनवरच राहणार असेल, तर कोणीही विनातिकीट गाडीत चढेल आणि तपासनीस डब्यात येताना दिसला की घाईने तिकीट काढील. हे टाळण्यासाठी अॅपला कुंपण घालण्यात आले. उपग्रहांच्या साहाय्याने प्रवासी कोठे उभा आहे हे फोन ओळखतो. तो रुळांच्या वा स्थानकाच्या अगदी निकट असेल तर तिकीट मिळू नये, आणि स्थानकापासून फार दूर असेल तरीही मिळू नये, अशी ही व्यवस्था. हेतू रास्त; परंतु मुंबईतील वस्ती रुळांना खेटून, डोक्यावर पत्रे आणि मजले, त्यामुळे फोनला जागेचा अंदाज चुकलेला. प्रामाणिक प्रवासी पैसे देण्यास तयार असूनही त्यास तिकीट मिळेना. लबाडासाठी उभारलेल्या कुंपणात सज्जन अडकला.

येथे गाऱ्हाणे ऐकणाऱ्याची कसोटी लागते. प्रवासी म्हणतो, ‘कुंपण काढा.’ ते सरसकट काढले तर व्यवस्थाच कोसळेल. जसेच्या तसे ठेवले तर लोक अॅप सोडून पुन्हा रांगेत उभे राहतील. मग उपाय टप्प्याटप्प्याने झाले. स्थानकावर चौकटींची सांकेतिक चित्रे लावण्यात आली. ती फोनने टिपली की स्थानकातही तिकीट मिळू लागले. २०२२ च्या नोव्हेंबरात उपनगरी क्षेत्रातील अंतराची मर्यादा २ किलोमीटरवरून ५ किलोमीटर, आणि उपनगराबाहेर ५ वरून २० किलोमीटर करण्यात आली. २०२४ च्या एप्रिलमध्ये बाहेरची मर्यादा पूर्णपणे उठली. रुळांजवळची मात्र कायम राहिली. पाहा, यात किती विवेक आहे! दूरच्या माणसास अडविण्याने लबाडी थांबत नव्हती, म्हणून ते कुंपण गेले. जवळच्या कुंपणाचा उपयोग होता, म्हणून ते राहिले. एकाच गाऱ्हाण्याचे दोन भाग केले, आणि ज्या भागात न्याय होता तो मान्य केला.

तथापि गोष्ट तेथेही संपली नाही. स्थानकावरील त्या चित्रांच्या प्रती काहींनी फोनमध्ये साठवून ठेवल्या आणि गाडीत बसूनच तिकिटे काढण्याचा उद्योग आरंभिला. तेव्हा मुंबईत २०२५ मध्ये ही स्थिर चित्रे बंद करावी लागली. त्याच वर्षी १ जुलै रोजी आरक्षित व अनारक्षित तिकिटे, गाडीची चौकशी आणि तक्रार या सर्वांस एकत्र आणणारे ‘रेलवन’ हे अॅप रेल्वेने सुरू केले. सोय, तिचा गैरवापर, बंदोबस्त आणि पुन्हा सोय, असा हा प्रवास आहे. यात प्रवासीही भागीदार आहे, हे विसरून चालणार नाही. एकाने सोयीचा दुरुपयोग केला की तिची किंमत दहा प्रामाणिक माणसांस मोजावी लागते.

गाऱ्हाण्याचा तळ शोधण्याचे आणखी एक सुंदर उदाहरण म्हणजे ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे अॅप. बंगळूरच्या एका छोट्या कंपनीने ते तयार केले, आणि २०१८ मध्ये ती कंपनी गूगलने विकत घेतली. गाडी कोठे आली, हा प्रवाशाचा सनातन प्रश्न. परंतु धावत्या गाडीत इंटरनेट वारंवार तुटते, आणि नेमक्या त्याच वेळी, मध्यरात्री उतरावयाचे स्थानक जवळ येत असताना, माहिती हवी असते. या मंडळींनी वाटेवरील मोबाईलच्या मनोऱ्यांवरून गाडीची जागा ओळखण्याची युक्ती योजिली. त्यामुळे इंटरनेट आणि उपग्रह यांवाचूनही काम भागू लागले. ‘इंटरनेट मिळत नाही’ हे गाऱ्हाणे अॅप बनविणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पण ‘माझे स्थानक चुकेल काय’ ही त्यामागची धास्ती आवाक्यातील होती.

आता आमच्या तरुण मित्रांस दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो. जेकब नील्सन या अभ्यासकाने २००० साली असे प्रतिपादन केले की, अवघ्या पाच माणसांस एखादी वस्तू वापरावयास देऊन निरीक्षण केले, तर तिच्यातील सुमारे ८५ टक्के दोष उघडकीस येतात. शेकडो माणसांची एकच पाहणी करण्यापेक्षा पाच-पाच माणसांस दाखवीत, सुधारीत जाणे श्रेयस्कर, हा त्यातील आशय. ही पाच माणसे शोधण्यास दूर जावयास नको. ती याच सभागृहात बसली आहेत. मात्र त्यांत एक सत्तरीचे आजोबा असावेत, एक लोकलच्या डब्यात एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने फोन चालविणारी भगिनी असावी, आणि एक जुना, संथ फोन वापरणारा गृहस्थ असावा. दुसरी गोष्ट ही की, माणसे काय म्हणतात त्याहून काय करतात हे पाहावे. वडीलधारे माणूस संकोचाने ‘छान आहे हो’ म्हणेल. परंतु त्याचे बोट कोठे थबकले, उन्हात अक्षर दिसेना म्हणून त्याने फोन कसा तिरपा केला, यांतच खरा अभिप्राय असतो.

आणि मुख्य म्हणजे, त्या वेळी त्यांच्या हातून फोन काढून घेऊ नये! ‘आणा इकडे, मी करून देतो,’ हे वाक्य आपल्या घराघरांत रोज उच्चारले जाते. त्यात प्रेम आहे, यात शंका नाही. परंतु त्याने त्या दिवसाचे तिकीट निघते आणि पुढील प्रत्येक तिकिटासाठी ते माणूस परावलंबी होते. आजवर एकट्याने पंढरपूर, नाशिक, गोवे करणारे वडील ‘मुलगा घरी आला की तिकीट काढू’ म्हणून प्रवास पुढे ढकलू लागले, तर ती केवळ त्यांची अडचण राहत नाही. त्यांचे जगच आकुंचित होते. या विषयात पणास लागले आहे ते हे. ज्यांच्यापाशी असा फोनच नाही, ते बांधवही प्रवासीच आहेत. म्हणून खिडकी व तिचा माणूस राहिला पाहिजे, असा आग्रहही आपण सर्वांनी धरावा.

वडीलधाऱ्या मंडळींसही आमची नम्र विनंती आहे. ‘हे यंत्र आमच्यासाठी नाही’ असे म्हणून फोन बाजूस ठेवू नका. गाऱ्हाणे ओसरीवर न सांगता घडविणाऱ्यापर्यंत पोहोचवा, आणि ते नेमके सांगा: आम्ही काय करू पाहत होतो, कोठे होतो, पडद्यावर काय दिसले आणि काय दिसावयास हवे होते. ‘अॅप वाईट आहे’ या वाक्याने कोणाचाही उपयोग होत नाही. ‘फलाटावर उन्हात पैसे भरण्याचे बटण दिसत नाही’ या वाक्याने हजारो प्रवाशांची सोय होऊ शकते.

मंडळाने या वर्षी एखाद्या रविवारी तरुण आणि वृद्ध यांस समोरासमोर बसवावे, अशी सूचना करून आम्ही थांबतो. तरुणांनी शिकवावयास न येता पाहावयास यावे. वृद्धांनी संकोच सोडून अडखळावे. त्या अडखळण्यातून उद्याच्या प्रवाशाची वाट सुकर होईल.