संघराज्य आणि सीमेपलीकडची माणसे



अनेक भाषा आणि अनेक समाज ज्या देशात एकत्र नांदतात, त्याने संघराज्यपद्धती स्वीकारावी काय, हा प्रश्न दौलतगंजात बसलेल्या आपणा मराठी माणसांना केवळ पुस्तकी नाही. ग्वाल्हेर संस्थान १९४८ साली मध्यभारतात विलीन झाले. त्या राज्याची हिवाळी राजधानी तरी आपल्याकडे होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारतही मध्यप्रदेशात सामावला आणि राजधानी भोपाळला गेली. आपण घर सोडले नाही. राज्य मात्र आठ वर्षांत दोनदा बदलले.

राज्यांच्या सीमा बदलण्याचा हा अधिकार घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे. विधानमंडळाचे मत मागविले जाते, ते बंधनकारक नसते. आपले संघराज्य असे केंद्राकडे झुकलेले आहे. तरीही त्याने भाषांना जागा दिली. पाकिस्तानने १९५५ साली पश्चिमेकडील प्रांत मोडून त्यांचा एकच प्रांत केला आणि पूर्वेकडील बंगाली बहुसंख्येला शह दिला. १९७१ साली तो देशच दुभंगला.

सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया ही संघराज्ये असूनही फुटली, असा आक्षेप घेतला जातो. परंतु तेथे घटक राज्यांचे अधिकार बव्हंशी कागदावर होते. खरी सत्ता एका पक्षाच्या हाती होती.

म्हणून माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र एका अटीवर. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा आपल्यालाही आनंद झाला. पण भाषेची सीमा कोठेही आखा, तिच्या पलीकडे कोणी तरी उरतेच. आपल्याच मध्यभारतातील महू येथे जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिताना, अशा राज्यांत बहुसंख्य समाज अल्पसंख्यांवर वरचढ होण्याचा धोका स्पष्टपणे दाखविला होता. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी १९५६ साली घटनेत ३५०क हा अनुच्छेद आला. संघराज्याची खरी कसोटी येथे लागते: बहुसंख्यांना राज्य मिळाले की नाही, यापेक्षा उरलेल्यांना शाळा मिळाली की नाही, यात.

माझी नातवंडे घरी मराठी बोलतात. लिपी एकच असल्याने मराठी पुस्तकातील अक्षरे वाचतात, पण अर्थाशी अडखळतात. घटना हक्क देते. तो मागणारा वाचक मात्र आपणच घडवावा लागतो. शंभर वर्षे या ग्रंथालयाने तेच केले. पुढील पिढीसाठी ते काम आता आपल्याकडे आहे.