विद्यार्थ्यांनी आपल्याच विद्यापीठास विचारलेला प्रश्न

(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभातील भाषण)



जगातील दारिद्र्याविषयी विद्यार्थ्यांनी काय करावे, हा प्रश्न निघाला म्हणजे तो बहुधा भित्तिपत्रके आणि निबंधस्पर्धा यांपाशी येऊन थांबतो. संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली आठ विकास-उद्दिष्टे ठरविली. २०१५ साली त्यांची जागा सतरा उद्दिष्टांनी घेतली व मुदत २०३० पर्यंत गेली. ही यादी मुखोद्गत करणे वाईट नव्हे, आम्हीही ती केली आहे. परंतु आज आम्ही पहिल्या यादीतील एकाच कलमाविषयी बोलणार आहोत: गरीब देशांस आवश्यक औषधे परवडतील अशा किमतीत मिळावीत.

अमेरिकेतील येल विद्यापीठात प्रा. विल्यम प्रुसॉफ व ताइ-शुन लिन यांनी स्टाव्ह्यूडीन हे द्रव्य एड्सच्या विषाणूवर गुणकारी असल्याचे दाखविले. पेटंट विद्यापीठाचे, विक्रीचा हक्क ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीचा, आणि विद्यापीठास त्यातून वर्षाकाठी कोट्यवधी डॉलरची प्राप्ती. इकडे दक्षिण आफ्रिकेत रोगी मरत होते. औषध अस्तित्वात होते. ते विकत घेण्याची ऐपत तेवढी नव्हती.

२००१ च्या आरंभी ‘सीमारहित वैद्य’ या संघटनेने विद्यापीठास विनविले, की तेथे स्वस्त पर्यायी औषध येऊ द्यावे. उत्तर आले, हक्क कंपनीकडे आहेत, आमचा इलाज नाही. हे उत्तर आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. कचेरी बदलली तरी ते बदलत नाही. विधिशाखेच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी एमी कॅप्चिन्स्की व तिचे सहाध्यायी यांनी मात्र ते मानले नाही. त्यांनी आवारात सह्या गोळा केल्या, वृत्तपत्रांकडे विषय नेला. खुद्द प्रुसॉफ त्यांच्या बाजूने उभे राहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये, दक्षिण आफ्रिकेत पेटंटचा हक्क बजावणार नाही, असे कंपनीने जाहीर केले व किंमतही उतरविली. (पुढे या औषधाचे दुष्परिणाम लक्षात आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते हळूहळू बंद करण्याची शिफारस केली, हेही सांगितले पाहिजे.)

स्वस्त औषध कोठून येणार होते? आपल्या मुंबईतूनही. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे डॉ. युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्य देशांत त्यास १०,००० डॉलरहून अधिक पडत. १९७० च्या आपल्या कायद्यात पेटंट औषधास नसे, ते करण्याच्या कृतीस असे. म्हणून हे शक्य झाले. २००५ पासून तो कायदा बदलला आहे.

आज पारितोषिके घेणाऱ्यांत कोणी औषधनिर्माणशास्त्राचे असतील, कोणी विधीचे. आपल्या विद्यापीठाचे शोध कोणास व कोणत्या अटींवर दिले जातात, हे त्यांनी विचारावे. आणि उद्या त्यांपैकी एखाद्याने आपल्या मंडळाचा शिष्यवृत्तिनिधी कोठे गुंतविला आहे असे विचारले, तर चिटणिसांनी त्यास उर्मट न म्हणता हिशेबाची वही दाखवावी, एवढी विनंती आहे.