रोग्याचं मन मोजणारी फूटपट्टी
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमातील भाषण)



दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आपली माणसं आधी औषधाचं नाव सांगत नाहीत. "डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं" किंवा "मान वर करून बघितलंसुद्धा नाही", हे आधी सांगतात. आज आम्ही याच विषयावर बोलणार आहोत. ही नुसती गोड बोलण्याची बाब नाही, तिचा संबंध प्रकृतीशी आहे.

ताप मोजायला थर्मामीटर आहे. मग रोग्याच्या मनातलं डॉक्टरांना किती कळतं, हे मोजायचं कशानं? अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजमध्ये मोहम्मदरेझा होजात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ च्या सुमारास यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात २० विधाने आहेत. प्रत्येकापुढे १ ते ७ पैकी एक आकडा द्यायचा, म्हणजे एकूण गुण २० ते १४०. डॉक्टर आणि परिचारिका ती स्वतःच भरतात. होजात यांच्या मते रोग्याच्या दुःखात आपणही वाहून जाणं निराळं. आणि त्याची अडचण समजून घेऊन, ती समजली हे त्याला कळू देणं निराळं. मोजायचं आहे ते हे दुसरं.

याचा उपयोग काय? २०११ साली त्यांनी २९ डॉक्टर आणि त्यांच्याकडील ८९१ मधुमेही रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जास्त गुणांच्या डॉक्टरांकडील ५६ टक्के रोग्यांची साखर चांगली ताब्यात होती. कमी गुणांच्या डॉक्टरांकडील ४० टक्के रोग्यांची. एवढ्यावरून समजूतदारपणानंच साखर उतरली असं ठामपणे म्हणता येणार नाही. पण विचार करा. गोळी आणि पथ्य दोन्ही घरी सांभाळायचं असतं. रात्रपाळीच्या कामगाराला "वेळेवर जेवा" म्हणून भागत नाही. त्याची वेळ कोणती, हे आधी विचारावं लागतं.

आता कोणी म्हणेल, स्वतःचा पेपर स्वतः तपासला तर गुण मिळणारच! शंका रास्त आहे. म्हणून स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या स्ट्युअर्ट मर्सर व सहकाऱ्यांनी २००४ साली दहा प्रश्नांची दुसरी प्रश्नावली मांडली. ती रोगी भरतो. इथे रोगीच परीक्षक!

दुःखाची गोष्ट अशी, की जेफरसनमधील विद्यार्थ्यांचे हे गुण तिसऱ्या वर्षी घसरलेले आढळले. म्हणजे रोग्यांशी खरी गाठ पडते तेव्हाच. हा अभ्यास २००९ चा. आपल्या देशात २०१९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना वर्तणूक, नीती आणि संवाद शिकवण्याची सोय अभ्यासक्रमात झाली. परंतु बाहेर शंभर माणसांची रांग असेल, तर शिकलेलं वापरायला डॉक्टरांनाही वेळ हवा. डॉक्टरांची संख्या वाढावी ही मागणीसुद्धा यातच येते.

तोवर आपण काय करायचं? त्रास कागदावर लिहून न्या. औषध परवडत नसेल तर न लाजता सांगा. आया-बहिणींनी दुखणं अंगावर काढू नये. आणि आपली जी मुलं-मुली डॉक्टर, नर्स होत आहेत, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे: समोरचा माणूस फाटक्या कपड्यांत असला तरी आधी त्याला बसायला सांगा, आणि त्याचं म्हणणं पुरतं ऐका.

जयभीम!