भुईमुगाच्या शेंगा पोचट का राहतात?

नीरा डाव्या कालव्यावर बारामती काय नि इंदापूर काय, जिकडं बघावं तिकडं ऊस. तरी घरच्या तेला-चटणीपुरता उन्हाळी भुईमूग बऱ्याच जणी करतातच. वर पाला हिरवागार, उपटला की निम्म्या शेंगा पोचट! मग आपण बियाण्याला नावं ठेवतो.

शेंगेला लागणारं कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, मुळांकडून फारसा मिळत नाही. आरी मातीत शिरली की शेंग टरफलातूनच ते ओढून घेते. जवळच्या मातीत नसेल, तर युरिया कितीही टाका, दाणा भरत नाही. नुसता पाला माजतो.

एकरी 10 किलो नत्र, 20 किलो स्फुरद पुरतं. म्हणजे पेरताना सिंगल सुपर फॉस्फेटच्या अडीच गोण्या आणि 22 किलो युरिया. डीएपीत गंधक नाही, चुना नाही. सुपर फॉस्फेटमध्ये दोन्ही आहेत. गंधक कमी पडलं तर तेलही कमी. शिवाय जिप्सम एकरी 160 किलो: निम्मं पेरताना, निम्मं आऱ्या सुटताना बुंध्याशी.

आऱ्या सुटल्या हे आधी कळतं खुरपणाऱ्या बाईला, दुकानात जाणाऱ्याला नव्हे. म्हणून सहाव्या आठवड्याच्या सुमारास जिप्सम बांधावर तयार ठेवा. ते मातीत मिसळलं की पुन्हा खुरपं घालू नका, आऱ्या तुटतात.

आणि जिप्सम गटानं एकत्र मागवा. एकटी गेली की दुकानदार डीएपीच पुढं करतो.