पुळणीवरची बाग
(शाळेच्या स्मृतिव्याख्यानात दिलेले भाषण)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली मी याच शाळेत शिकलो. त्यामुळे येथे उभे राहताना मनात आनंदापेक्षा संकोचच अधिक आहे. स्वतःच्या हातांनी करून पाहिलेल्या गोष्टीविषयी माणसाने बोलावे, असा गुरुजींचा आग्रह असे. तो आग्रह शिरसावंद्य मानून मी समुद्रकाठच्या एका बागेविषयी बोलणार आहे. भैंसा येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मग हा विषय येथे कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर शेवटी देतो.

तरुणपणी मी रत्नागिरी जिल्ह्यातील किनाऱ्यावरच्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. शाळा पुळणीला लागूनच होती. अंगण म्हणजे केवळ वाळू. पहिल्याच पावसाळ्यात मुलांना हाताशी धरून मी चाळीस रोपे लावली. ती निवडताना डोळ्यांपुढे आपल्याकडची परसबाग होती: गुलाब, शेवंती, पेरू, संत्र्याची कलमे. प्रत्येक रोप एकेका मुलाच्या नावे केले. माघापर्यंत त्यांतील पाचच उरली. पाने कडेने करपत गेली, जणू कोणी ती विस्तवावर धरली होती. पाचवीतील एक मुलगी वाळलेल्या काटकीपाशी उभी राहून मला म्हणाली, "गुरुजी, माझ्या हाताला गुण नाही का?"

तो प्रश्न मला अनेक दिवस टोचत राहिला. दोष तिच्या हाताचा नव्हता, रोपांचाही नव्हता. तो माझ्या निवडीचा होता. पण त्याची शिक्षा त्या मुलीने स्वतःस दिली होती. मी आपल्या गुरुजींना पत्र लिहून हकीकत कळविली. त्यांचे उत्तर दोन ओळींचे होते. गावातील जुन्या घरांच्या आगरांत काय जगले आहे ते आधी पाहावे, आणि ते का जगले हे मुलांनाच शोधू द्यावे, एवढाच त्याचा आशय.

आम्ही तसे केले. पहिला शोध जमिनीचा लागला. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. मग पाण्याला काय तोटा, असे मला वाटत होते. पण तो सारा चार महिन्यांत कोसळतो आणि वाळूतून झिरपून जातो. जाताना खतातील कसही धुऊन नेतो. पुढचे आठ महिने जवळजवळ कोरडे. त्यात वैशाखात उघडी वाळू पाय ठेववणार नाही इतकी तापते. वारा पानांतील ओल शोषून घेतो, आणि त्याच्यासवे येणारे खारे तुषार पानावर बसून त्याच्या कडा जाळतात. म्हणजे पाऊस भरपूर असूनही तेथील झाड तहानलेलेच असते.

दुसरा शोध पानांचा. जी झाडे तेथे सुखाने नांदत होती, त्यांच्या पानांवर त्यांचा स्वभाव लिहिलेला होता. उंडीचे पान जाड, चकचकीत, मेण चोळल्यासारखे. सुरूला तर पाने म्हणण्यासारखी पानेच नाहीत. हिरव्या सुयांसारख्या काड्या. कोरफड आणि घायपात पानांतच पाणी साठवितात. केवड्याचे पान चिवट. मर्यादवेल तर भरतीच्या रेषेपर्यंत वाळूवर पसरतो, पेरापेरांतून मुळे सोडतो आणि उडती वाळू बांधून ठेवतो. मुलांनी एक कसोटीच तयार केली: पान मऊ, रुंद आणि पातळ असेल तर ते रोप समोरच्या रांगेत लावायचे नाही.

तिसरा शोध वाऱ्याचा. माझ्या मनात पश्चिमेला उंच भिंत घालावी असे होते. एका वृद्ध बागाईतदाराने मला त्यापासून परावृत्त केले. भिंतीवर आपटलेला वारा वरून उसळतो आणि पलीकडे भोवरा होऊन उतरतो. कुंपण झाडाझुडपांचे असेल तर वारा त्यातून गाळून, मंद होऊन आत येतो, आणि कुंपणाच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. म्हणून समुद्राकडून पायऱ्या कराव्यात: आधी मर्यादवेल, मग केवडा व निर्गुडी, त्यामागे उंडी, करंज आणि पारोसा पिंपळ, या आडोशाच्या आत नारळ, आणि सर्वांत आत फुलझाडे.

येथे सुरूविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडचे हे झाड १८६८ साली कारवारकडे लावले गेले आणि पुढे आपल्या किनाऱ्यांवर रुळले. त्याच्या मुळांवरील गाठींतले सूक्ष्मजीव हवेतील नत्र बांधून देतात, म्हणून ते निकस वाळूतही झपाट्याने वाढते. पण त्याच्या गळलेल्या काड्यांचा थर साचला की खाली दुसरे रोप सहसा उगवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा सुरूची झाडे उन्मळली आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ फळावर यायला अनेक वर्षे लागतात. तेथील कुटुंबांचे किती नुकसान झाले असेल, याची कल्पना करावी. वादळापुढे कोणतेच झाड अजिंक्य नसते. तरीही एकाच झाडावर सारा भरवसा टाकू नये, मिश्र कुंपण करावे, हा धडा घेण्यासारखा आहे.

निवडीनंतर संगोपन. खड्ड्याच्या तळाशी आम्ही नारळाची सोडणे पसरली. ती पाणी धरून ठेवतात. वर शेणखत, मग पालापाचोळ्याचे आच्छादन. मोठी रोपे आणण्याचा मोह सोडला. लहान रोप मुळे लवकर धरते. पहिल्या उन्हाळ्यात झावळीची सावली, आणि पाणी थोडे थोडे पण वारंवार. वाळूत एकदम ओतलेली घागर वाया जाते. दुसऱ्या वर्षीच्या चाळीस रोपांपैकी एकतीस जगली. कुंपण वाढल्यावर त्याच्या आत कण्हेर, खुरचाफा, बोगनवेल आणि सदाफुली फुलू लागली. आपल्या हाताला गुण नाही असे म्हणणाऱ्या त्या मुलीची उंडी शाळेच्या कौलांवर गेलेली मी पाहिली.

आता आपल्या अंगणाकडे येतो. आपला गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होता, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आहे. जिल्हा बदलला तरी जमीन बदलली नाही. आपली काळी, कापसाची जमीन वाळूच्या अगदी उलट. पाणी धरून ठेवणारी, पावसात चिकटणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. परंतु शाळेच्या नव्या अंगणात मुरमाची भर घातलेली आहे. तेथे खारे तुषार नाहीत. मात्र ऊन, वारा आणि झिरपून जाणारे पाणी ही तिन्ही संकटे तीच आहेत. दरवर्षी वनमहोत्सवात तेथे लावलेली रोपे का टिकत नाहीत, याचे कारण मला तेथेच दिसते. मुरमात कडुनिंब, करंज, सीताफळ, कण्हेर, बोगनवेल लावावी. हौसेची नाजूक झाडे त्यांच्या आडोशाला, मागाहून. आणि खड्डा खणण्यापूर्वी मुलांना गावाच्या माळावर नेऊन तेथे आपसूक काय उगवते ते दाखवावे.

शेवटी एकच. जे रोप वाळते त्याला आपण नाठाळ म्हणतो, जे मूल मागे पडते त्यालाही. त्याला कोणत्या जमिनीत उभे केले, हा प्रश्न गुरुजी आधी स्वतःस विचारीत. त्यांच्या स्मृतीस अभिवादन म्हणून येत्या पावसाळ्यात या अंगणात एक तरी झाड असे लावूया, की ज्याच्यामुळे कोणत्याही मुलाला आपल्या हाताच्या गुणाविषयी शंका येणार नाही.