यंत्राला क्रम कसा कळतो?

आकड्यांइतकाच आकड्यांचा क्रमही बोलका असतो. समजा, खडकवासला धरणातील साठा तीन दिवसांत 60, 75 आणि 90 टक्के झाला. हेच आकडे उलटे लावले तरी सरासरी तीच राहते. मात्र पावसाळ्यात चढता साठा धरणाखालच्या मुठा नदीच्या काठाला सावध करतो. उतरता साठा दिलासा देतो. भाषेतही हेच घडते. ‘धरण भरले म्हणून पाणी सोडले’ आणि ‘पाणी सोडले म्हणून धरण भरले’ या वाक्यांत शब्द तेच आहेत, अर्थ मात्र पार उलटा.

नुसती गोळाबेरीज करणाऱ्या यंत्राला हा फरक दिसत नाही. त्यासाठी ‘आवर्ती जाळी’ ही संगणकीय रचना तयार झाली. असे जाळे एक नोंद वाचते, तिचे सार जवळ ठेवते आणि त्या सारासह पुढची नोंद वाचते. मग ते पुढच्या आकड्याचा अंदाज करते. अंदाज चुकला की आतील गुणांक थोडे बदलले जातात. हजारो वेळा असे झाल्यावर क्रम त्याच्या अंगवळणी पडतो.

या जाळ्यांत जुन्या नोंदींचा ठसा लवकर पुसट होई. 1997 मध्ये होखराइटर आणि श्मिडहुबर या संशोधकांनी ‘एलएसटीएम’ ही रचना मांडली. काय साठवायचे आणि काय पुढे सोडायचे, हे ती स्वतः शिकते. नको ते विसरण्याची सोय नंतर जोडली गेली.

नदीच्या अभ्यासात अशी स्मृती मोलाची ठरते. खडकवासल्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत. तेथून सोडलेले पाणी खाली पोहोचायला वेळ लागतो. कोरड्या जमिनीवरचा जूनचा पाऊस बराचसा मुरतो. भिजलेल्या जमिनीवरचा तेवढाच पाऊस ओढ्यांना पूर आणतो. म्हणून धरणात आज येणाऱ्या पाण्याचे कारण कित्येक आठवडे मागे असू शकते.

2017 मध्ये आलेली ‘ट्रान्सफॉर्मर’ रचना सगळ्या नोंदी एकदम पाहते. त्यामुळे प्रत्येक नोंदीला तिच्या स्थानाची खूण वेगळी जोडावी लागते. मूळ रचनेत ही खूण साइन आणि कोसाइन लहरींतून काढली होती.

अशा यंत्राची परीक्षाही क्रमानेच घ्यावी लागते. आधीच्या वर्षांवर शिकवावे, नंतरच्या वर्षांवर तपासावे. वर्षांची सरमिसळ झाली, तर पुढचे उत्तर यंत्राला आधीच मिळते आणि खोटा विश्वास निर्माण होतो. धरणाखाली शहर वसलेले असताना असा विश्वास परवडणारा नाही.